तिच्या सहीची गरज नव्हती

पाटोद्याच्या तहसीलसमोर पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद लिहिले. लोक आम्हाला अर्जनवीस म्हणतात. वाटणीपत्र, संमतीपत्र, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र. आधी हाताने, मग टाइपरायटरवर, शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर. माझं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. माझ्याकडे आलेल्या माणसाला दुसरा हेलपाटा पडत नसे. खेड्यातून आलेली म्हातारी माणसं एकमेकांना सांगत, "आप्पाकडं जावा, एका खेपंत काम हुतंय." त्या एका वाक्यावर मी जगलो असं म्हटलं तरी चालेल.

आता हे स्वतःच लिहितो आहे. सांगायचं आहे ते एवढंच. माझ्या धाकट्या भावाची बायको त्याच्या विम्याच्या पैशासाठी आली, असं आमच्या गल्लीत आणि भावकीत बोललं जातं. ते खोटं आहे. भाऊ जिवंत असताना ती त्याला भेटायला येणार होती. तिला मी येऊ दिलं नाही. आणि ती यायला तयार होती, हे मी भावालाही कळू दिलं नाही.

भावाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येत. तांब्याची तार तो अशी गुंडाळायचा, की बघणारा बोलायचं विसरून जाई. लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, आमच्या आईचं आणि त्याच्या बायकोचं जमलं नाही. एका पंचमीला ती माहेरी चौसाळ्याला गेली, ती परत आली नाही. त्याने आणायला जायला हवं होतं, तो गेला नाही. तिने आपण होऊन यायला हवं होतं, ती आली नाही. फारकत कोणी मागितली नाही. अशी वीसेक वर्षं गेली. आई वारली तेव्हा ती आली, पाहुण्यासारखी बसली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली.

मग भावाला लकवा मारला. उजवी बाजू गेली. तार गुंडाळणारा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. जीभही जड झाली. मी त्याला माझ्या घरी आणलं. माझी बायको त्याआधीच गेली होती, मुलगा पुण्याला. मी एकटाच होतो. सकाळी एक कप चहा करायचा, तो अर्धा प्यायचा, बाकीचा ओतून द्यायचा, असं चाललं होतं. भाऊ आल्यावर चहा पुन्हा दोन कप होऊ लागला. लोक म्हणत, आप्पाला म्हातारपणी केवढा त्रास. मला त्रास नव्हता. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. या लिहिण्यातली ही पहिली लाजिरवाणी गोष्ट.

आल्यावर थोड्याच दिवसांत त्याने खाट फिरवायला लावली.

"आप्पा, त्वांड दाराकडं कर."

"वारं लागंल बे तुला."

"लागू दी."

आमचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल आहे, त्याने उन्हासाठी पत्रा खूप खाली उतरवलेला आहे. भाऊ दिवसभर तिकडे बघत पडून असायचा. मी शेडमधून जेवायला आलो की कोण आलं, कोण गेलं ते सांगायचा. "तलाठी आलता. चपलेला खिळा मारलाय त्यानं." "शाळंचा मास्तर नवा बूट घालून गेला, कर्जातला दिसतुय." मी हसायचो. वेळ घालवतो आहे, असं समजायचो. एकदा तो फार घाईने म्हणाला, "बघ बघ, निळ्या चपलंची कोण उतरली ती?" मी बाहेर जाऊन बघून आलो. "दवाखान्यातली सिस्टर हाय," म्हणालो. "बरं," म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

विम्याचा विषय त्याने स्वतःच काढला. तरुणपणी दुकानात बसणाऱ्या एका एजंटाच्या भिडेखातर त्याने पॉलिसी घेतली होती आणि आश्चर्य म्हणजे न चुकता हप्ते भरले होते. आता हप्त्याची तारीख आली होती आणि त्याला बीडला जाता येणार नव्हतं. वारस म्हणून नाव आईचं होतं, कारण पॉलिसी लग्नाआधीची. आई तर राहिली नव्हती.

"तिचं नाव लाव," भाऊ म्हणाला. बायकोचं नाव तो कधी घेत नसे. ती म्हणजे ती.

मला बरं वाटलं नाही, पण मी नाही म्हणालो नाही. लग्नाची बायको होती, हक्क होता. मी मुखत्यारपत्राचा मसुदा केला. जन्मभर दुसऱ्यांसाठी केलेल्या मसुद्यांपेक्षा हा चांगला केला. बहुतेक लोक नुसतं 'सर्व व्यवहार करणे' असं लिहून मोकळे होतात आणि मग विमा कंपनीच्या काउंटरवरून परत पाठवले जातात. मी प्रत्येक काम वेगळं लिहिलं. हप्ता भरणे, पत्ता बदलणे, पॉलिसीची रक्कम मुदतीला आली तर त्याच्या खात्यात जमा करून घेणे, वारसाचे नाव बदलण्याचा अर्ज देणे. रिक्षातून त्याला नोंदणी कार्यालयात नेलं. साहेब चांगले होते, खाली रिक्षापर्यंत आले.

"काका, कुणाला अधिकार देताय? कुणी जबरदस्ती केली का?"

भाऊ वाकड्या तोंडाने हसला. "ह्यानंच केली की. लहानपणापस्नं करतुय."

साहेब हसले, मी हसलो, रिक्षावाला हसला. भावाने डाव्या हाताचा अंगठा दिला. घरी येताना रिक्षात तो एकदम म्हणाला, "आप्पा, तिची सही लागंल की."

"न्हाई लागत. ज्याचं नाव लावायचं त्याची सही लागत न्हाई."

"लागंल."

"अरं, जन्म गेला माझा ह्यात."

दोन दिवसांनी त्याने पुन्हा तेच काढलं. "फोटू तर लागंल. ताजा. हितं येऊन काढ म्हणावं, स्टँडवर स्टुडिओ हाय." मी म्हणालो, फोटो फोनवर येतो, आधार कार्डही फोनवर येतं, त्यासाठी चौसाळ्याहून मांजरसुंब्याला गाडी बदलून कोणी कशाला यायचं? तो म्हणाला, "बँकंचं पासबुक बघावं लागंल, खरं हाय का खोटं." मी हसलो. मला वाटलं, जड झालेल्या जिभेबरोबर त्याची अक्कलही जड झाली आहे. मी त्याला कायदा समजावून सांगत होतो.

आमच्या घरात थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. ती नांदत होती तेव्हा मी अंगणात आलो की ती पदर सावरून आत जायची. काही सांगायचं असलं तर आईला सांगायचं, आई तिला सांगणार. त्यामुळे मी फोन केला, तेव्हा आम्ही दोघं आयुष्यात पहिल्यांदा थेट बोलत होतो. फोन तिच्या भावाच्या बायकोचा होता. मी आधार कार्ड आणि फोटो मागितला, कशासाठी ते सांगितलं. पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबल्याचं कळलं. ती फॉल-पिकोचं काम करते.

"कसे हायत?" तिने विचारलं.

"हाय तसाच."

"बोलतेत का?"

"बोलतो. समजून घ्यावं लागतं."

"मी येऊ का, आप्पा? सही लागत आसंल तर करते अन् माघारी जाते. ऱ्हात न्हाई."

मी म्हणालो, "सहीची गरज न्हाई. अधिकार माझ्याकडं हाय. तुमाला हेलपाटा कशाला."

हे मी ज्या सुरात म्हणालो, तो सूर मला आजही ऐकू येतो. शेडमध्ये पक्षकाराला सांगायचा, तोच. काम सोपं करून दिल्याचा सूर.

फोटो आला, आधार कार्ड आलं. मी घरी येऊन भावाला सांगितलं. त्याने फोनमधला फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग विचारलं, "येते म्हणली का?"

इथे मी थांबलो होतो. विसरलो म्हणून थांबलो नाही. माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं आलं. ती येईल. एक दिवस राहील, मग दोन दिवस. ती त्याला भरवेल. मग ती त्याला दुकानामागच्या त्याच्या खोल्यांत घेऊन जाईल, किंवा इथेच राहील आणि मी अंगणात आलो की आत जाईल. चहा पुन्हा एक कप होईल. मी म्हणालो, "न्हाई. तसं काय म्हणली न्हाई."

"बरं," तो म्हणाला. सिस्टरच्या वेळी म्हणाला होता, तसाच.

आठवड्याने तिने पुन्हा फोन केला. आपण होऊन. "आप्पा, काय कागद कमी पडला का?" तिला विचारायचं काय होतं, ते मला तेव्हाही समजलं होतं. "काय कमी न्हाई," मी म्हणालो. "सगळं बरोबर हाय." तिने "बरं" म्हटलं. दोघं नवरा-बायको एकच शब्द म्हणत होती आणि मध्ये मी बसलो होतो.

बीडच्या विमा कार्यालयात माझं काम एका खेपेत झालं. काउंटरवरच्या बाईंनी मुखत्यारपत्र वाचून वर पाहिलं. "कोणी लिहिलं हे? असं स्पष्ट कोणी लिहून आणत नाही हो." मी म्हणालो, मीच. हप्ता भरला, वारसाचं नाव बदललं, पत्ता माझा लावला. येताना स्टँडवरून पेढे घेतले. भावाच्या हातात पेढा ठेवला, तो हातातच राहिला. "झालं?" त्याने विचारलं. "झालं. आता काय करायचं उरलं न्हाई." त्याने मान हलवली. संध्याकाळी पेढ्याला मुंग्या लागलेल्या दिसल्या. मी तो फेकून दिला. तोंडाला चव नसेल, असं मनात म्हणालो.

त्यानंतर तो कोणाच्या चपलांबद्दल बोलला नाही. खाट मात्र परत फिरवू दिली नाही.

तो गेला, तेव्हा थंडी सरत आली होती. सकाळी चहा घेऊन गेलो, तर गेलेला. मी चौसाळ्याला फोन केला. आमच्यात माणसाला बसवून मातीत ठेवतात. त्याला स्नान घातलं, कपाळाला विभूती लावली, भिंतीला टेकवून बसवलं, गळ्यात हार घातला. लोक घाई करू लागले. विधीला आलेले स्वामी म्हणाले, बायको येऊ द्या. ती आली. कोणाकडे न बघता सरळ त्याच्यापाशी गेली. त्याचा उजवा हात बाजूला घसरला होता, तो उचलून तिने मांडीवर नीट ठेवला. मग त्याच्याकडे बघत बसली.

बायकांच्या घोळक्यातून आमच्या शेजारणीचा आवाज आला. हळू बोलल्यासारखा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"हयात व्हता तवर पाय फिरकला न्हाई. कागदावर नाव चढलं, तशी आली बघा."

नाव चढल्याचं शेजारणीला मीच सांगितलं होतं, पेढे वाटताना. मी चार पावलांवर उभा होतो. ती खोटं बोलते आहे हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं. आणि भावजयीला. तिने मान वर केली नाही. मी स्वामींना विचारलं, बेलाची पानं किती लागतील?

माणूस गेला की मुखत्यारपत्र संपतं. हे मी शेकडो लोकांना सांगत आलो. मुलगा बापाच्या मातीनंतर बापाचा अधिकार घेऊन बँकेत जायचा आणि परत यायचा, तेव्हा मी म्हणायचो, अरे बाबा, आता हा नुसता कागद. माझाही नुसता कागद झाला. विम्याचा दावा करायला वारसाची सही लागते, ती दुसरं कोणी करू शकत नाही. तेव्हा मी तिला फोन केला, "तुमी या. आता तुमच्या सहीशिवाय काय हुत न्हाई."

ती आली. खाटेच्या कडेवर बसली आणि मी दाखवलं तिथे सह्या केल्या. अक्षर चांगलं होतं, शाळकरी, गोल. पेनचं टोपण लावून तिने मला परत दिलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून विचारलं, "आप्पा, मी येते म्हणले होते, ते त्यानला सांगितलं होतं का?"

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं."

"मग काय म्हणले?"

"बरं म्हणाला."

ती उठली. पाणीसुद्धा न घेता गेली.

मग काही वर्षं गेली. शेड मी सोडलं. मागच्या उन्हाळ्यात न्हाणीत घसरून पडलो, कंबर धरली. आतल्या खोलीतल्या अंथरुणावरून उठवेना, म्हणून भावाच्या खाटेवर झोपू लागलो. ती तिथेच होती, दाराकडे तोंड करून. आणि तिथून मला दिसलं. हॉटेलचा पत्रा इतका खाली आहे, की खाटेवरून माणूस दिसत नाही. स्टँडवर गाडी थांबली की उतरणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात, घोट्याच्या थोडं वरपर्यंत.

त्याच दिवसांत मुलाचा पुण्याहून फोन आला. तो वाईट नाही. काळजीनेच बोलत होता.

"बाबा, तुमचं बँकेचं, विम्याचं, प्लॉटचं सगळ्याचं मुखत्यारपत्र माझ्या नावाने करून द्या. म्हणजे मी इथूनच बघत जाईन. मला सारखं यायला नको."

"तुझी सही लागंल," मी म्हणालो. "हितं येऊन."

"नाही लागत, बाबा. मी वकिलाला विचारलंय."

"लागंल."

तो हसला. "बाबा, तुम्ही जन्मभर हेच काम केलंत ना?"

फोन ठेवला. भाऊ काय मागत होता ते त्याने 'येते म्हणली का' विचारलं तेव्हाच मला कळलं होतं, पण ते किती वाट बघत मागितलेलं होतं, ते अंगाने त्या दिवशी कळलं.

कंबर जरा सरळ झाल्यावर चौसाळ्याला गेलो. भावजय घराच्या पुढच्या खोलीत मशीनवर बसली होती. मला बघून उठली नाही, स्टूल पुढे सरकवलं. मी जे सांगायचं ते सांगितलं. तुम्ही येते म्हणालात हे मी त्याला सांगितलं नव्हतं. तो विचारत होता. तुमची सही लागेल, फोटो लागेल, पासबुक लागेल, असं तो रोज काहीतरी काढत होता. तिने साडीचा काठ सुईखालून सोडवला आणि दोऱ्याचं टोक तोडलं.

"म्हंजे मी आलेच न्हाई आसं वाटलं त्यानला."

"हो."

"शेवटपोत."

"हो."

"चहा घ्या," ती म्हणाली, पण चहा करायला उठली नाही. रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांच्या आवाजात मशीनवरची कात्री थरथरत होती. मी म्हणालो, मला माफ करा म्हणायचं तोंड नाही माझं.

"मग म्हणू नगा," ती म्हणाली. "अन् मला कावून सांगाया आलाव? मी येनार व्हते, ते मला ठावं हाय. ज्यानला सांगायचं व्हतं, ते ऱ्हायले न्हाईत. आता ज्यांनी मातीत माझ्यावर तोंड टाकलं, त्यानला सांगा. माझ्या भावजयीनंबी तेच ऐकलंय. ह्या घरात लई वर्सं ऐकतेय मी ते."

तिची भावजय आतल्या दारात उभी होती. मी तिला सांगितलं. तिने ऐकलं आणि चहा टाकला.

पाटोद्याला आल्यावर शेजारणीकडे गेलो. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने टरफलं पदरातून झटकली.

"आप्पा, आता कशाला उकरून काढता? भाऊ गेला, आई गेली. तुमी आता लई हळवे झालाव." आणि मी उठताना म्हणाली, "पर पैसे घ्यायला आली तर व्हती ना?"

हॉटेलात सांगितलं. तिथे दोघं-तिघं जुने होते. एकजण म्हणाला, "जाऊ द्या हो, बायामान्सांचं बोलणं." दुसऱ्याने माझ्या चहाचे पैसे दिले. म्हणून आता लिहून ठेवतो आहे. तोंडी सांगितलेलं लोक आपल्या सोयीने ठेवून घेतात, हे मला माझ्या धंद्याने शिकवलं होतं, ते मी आता वापरतो आहे.

राहिलं शेजारणीच्या प्रश्नाचं उत्तर. ते इथे देतो. पैसे घ्यायला ती आली नाही. मी बोलावलं म्हणून आली. माझा अधिकार संपला होता आणि तिच्या सहीशिवाय माझं काम अडलं होतं, म्हणून मी बोलावलं. भाऊ असताना बोलावलं असतं, तर ती तशीच आली असती, दुपारच्या गाडीने. सह्या करायला ती आली त्या दुपारी मी दारात खाटेजवळ उभा राहून तिची वाट बघत होतो. गाडी थांबली, माणसं उतरली. ती पत्र्याखालून वाकून गल्लीत आली, तेव्हाच मला दिसली. उभ्या माणसाला तिथून पाय दिसत नाहीत. ते खाटेवरून भावालाच दिसले असते.